सव्वा मुठीचं घराणं

खान्देशातलं कुठलंही घराणं घ्या, ते राजस्थानातून आलेलं असतं. येताना त्याच्याजवळ एक तलवार असते, एक घोडा असतो आणि कुठल्यातरी राजाशी झालेलं भांडण असतं. नांगर घेऊन आलेलं घराणं मला आजवर एकही भेटलेलं नाही. एवढे सगळे जर तलवारी घेऊन आले, तर इथल्या काळ्या जमिनीत कापूस पेरला कुणी, असं मी लहानपणी नानांना विचारलं होतं. नाना म्हणजे माझे थोरले काका. त्यांनी मला आत जाऊन पाणी आणायला सांगितलं होतं, आणि मला वाटतं तेच आमच्या घराण्यातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर आहे.

नाना सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहतात. निवृत्त माणसाला एकतर गुडघे असतात, नाहीतर इतिहास असतो. नानांना दोन्ही आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलं की आपल्या घराण्याचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा. एरवी त्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात एवढंच येतं. त्या दिवशी मात्र अंगठ्यांचा पाऊस पडला. आमचे पूर्वज अंगठेबहाद्दर होते असं ऐकून होते; मधल्या दोन पिढ्या शिकल्या आणि आता आम्ही पुन्हा मूळपदावर आलो आहोत.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण नानांनी पुराव्याची वाट न पाहता लिहून टाकलं होतं. त्यात राजस्थान, तलवार, घोडा, सगळं होतं. सोबत वंशावळीचा तक्ता होता. माझ्या वडिलांच्या चौकटीखाली माझ्या भावाचं नाव, त्याच्याखाली त्याच्या मुलाचं, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘(एक कन्या, विवाहित)’. ती कन्या म्हणजे मी. जळगावात एका बँकेत नोकरी करते. आणि पुराव्याचं काम नानांनी नेमकं या कंसातल्या कन्येलाच दिलं, कारण तुझं मराठी चांगलं आहे आणि तुला वेळ असतो, असं ते म्हणाले. नोकरी, दोन मुलं आणि सासू सांभाळणाऱ्या बाईला वेळ असतो हे ज्याला सापडलं, त्याने इतिहासकारच व्हायला हवं.

पुरावा म्हणजे फुई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ही माझ्या आजोबांची बहीण, म्हणजे खरं तर नानांची आणि माझ्या वडिलांची फुई. पण शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळा गाव तिला फुईच म्हणतो. नव्वदीला टेकलेली आहे. लहानपणीच लग्न झालं, सासरी गेली, नवऱ्याने दुसरी करून आणली, आणि फुई एका गाठोड्यासकट माहेरी परत आली. ती आली ती कायमची. भावजयांची बाळंतपणं, पुतण्यांची दुखणीखुपणी, घरातली मरणं, सगळं तिनं काढलं. नानांना तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं, हे नाना स्वतः लग्नकार्यात माईक हातात आला की सांगतात आणि डोळे पुसतात. वंशावळीच्या तक्त्यात मात्र तिच्या भावांच्या चौकटी होत्या आणि ती नव्हती. मी निदान कंसात तरी होते.

फुई पाचोऱ्याकडच्या आमच्या गावी माझ्या चुलतभावाकडे राहते. स्लॅबचं घर आहे, गुळगुळीत फरशी आहे, इन्व्हर्टर आहे. एका रविवारी मी जळगावहून सकाळची गाडी धरली आणि नानांनी पाठवलेले प्रश्न घेऊन गेले. मूळपुरुष कोण, मूळ गाव कोणतं, राजाश्रय कोणाचा, शस्त्र कोणतं, असे प्रश्न होते. शस्त्राबद्दल मी विचारलं तेव्हा फुईनं बराच विचार करून विळा सांगितला. मोबाइल तिच्यासमोर ठेवल्यावर आधी तिनं तो उलटा करून पाहिला, मग त्यात वहिनीच्या स्वयंपाकाबद्दल मनातलं सगळं सांगून घेतलं. घराण्याच्या इतिहासातली पहिली पाऊण तासाची ध्वनिफीत ही वरणात हिंग किती घालावा यावर आहे आणि तिच्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. वहिनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिनं नंतर चहात साखर घातली नाही.

मूळपुरुष म्हणजे काय हे फुईला समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी तिच्या लक्षात आलं. म्हणाली, अगं मग सरळ सांग ना, रोटाची नावं पाहिजेत.

बाहेरच्या माणसाला कानबाई सांगावी लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ घालून, डोळे लावून तिला सजवतात, पाटावर बसवतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात, आणि त्या रोटांचे गहू मोजायची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं, अगदी पाळण्यातल्याचंसुद्धा, नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. जावयाला चालत नाहीत. लेकीलाही लग्न झाल्यावर चालत नाहीत. प्रत्येक घराण्याचं थोडं इकडेतिकडे असतं, पण आमचं असं आहे की लेकीनं गहू निवडावेत, दळावेत, रोट लाटावेत, भाजावेत, वाढावेत आणि मग बाजूला व्हावं. देवी बाई आहे आणि मोजदाद पुरुषांची आहे, यात काही चुकतंय असं आमच्याकडे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

फुई लहानपणी आईजवळ सूप धरून बसायची. आई नाव घ्यायची, मूठ टाकायची. तिला ती नावं पाढ्यांसारखी बसली होती. एखादं नाव ज्या वर्षी गळलं त्या वर्षी तो माणूस गेला, नवं आलं त्या वर्षी पाळणा हलला, असा तिचा हिशेब. मध्येच ती दोन भावांची अदलाबदल करायची आणि मी टोकलं की माझ्यावरच चिडायची. पण नानांनी कुठून कुठून जमवलेल्या नावांपेक्षा तिची नावं बरी जुळत होती. मी खुशीत ते रेकॉर्डिंग नानांना पाठवलं.

नानांनी ते ऐकलं नाही. त्यांनी ते मोबाइलमधल्या एका अॅपला ऐकायला लावलं, जे बोललेलं लिहून देतं. त्या अॅपला अहिराणी कुठून येणार? फुई म्हणाली होती, ‘आमना घरमा अठरा रोट व्हतात.’ अॅपनं लिहिलं, अठरा वोट. नानांचा मला बँकेत फोन आला. आवाज भरून आला होता. म्हणाले, आपल्या घरात त्या काळी अठरा वोट होते, मी म्हणत नव्हतो आपलं वजन होतं म्हणून? मी म्हटलं, नाना, ते रोट आहे. ते म्हणाले, तू मुलगी आहेस, तुला राजकारणातलं कळत नाही. फुई परकर नेसून सूप धरत होती तेव्हा देशात इंग्रज होता आणि बहुतेकांना मत म्हणून काही नव्हतं. तेव्हा नानांच्या हिशेबानं आमच्या एकट्या घरात अठरा मतं होती. ‘राजकीय वारसा’ हे प्रकरण असं जन्माला आलं आणि ते पुस्तकात अजून आहे.

पुढच्या खेपेला फुई थकलेली दिसली. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी काळजाचं काहीतरी सांगितलं होतं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, चालू कर ते. मग मी तिच्या आजोबांचं विचारलं. नानांच्या तक्त्यात सगळ्यात वर ते आहेत, तलवारवाले. माझे खापरपणजोबा. फुई हसायला लागली. म्हणाली, ‘मना आजा? तो ते खळामा सापडना.’

तिच्या आजीनं, म्हणजे त्या आजोबांच्या बायकोनं, तिला सांगितलेली गोष्ट अशी. मोठा दुष्काळ होता. माणसं गुरंढोरं घेऊन गावावरून जात होती, कुठून कुठे जात होती ते त्यांनाही माहीत नसावं. एका सकाळी आमच्या खळ्यात कडब्याच्या आडोशाला एक चार-पाच वर्षांचं पोर झोपलेलं सापडलं. त्याच्यासाठी कुणी परत आलं नाही. घरात म्हातारी होती, तिचे मुलगे गेलेले होते. तिनं पोराला जेवू घातलं, ठेवून घेतलं. श्रावणात कानबाईचे गहू मोजायला बसली आणि त्याच्या नावानं मूठ उचलली तेव्हा भाऊबंद उठून उभे राहिले. जात माहीत नाही, गाव माहीत नाही, हा कुणाचा? म्हातारीनं मूठ टाकली आणि म्हणाली, मूठ पडली, आता हा माझा. कानबाईसमोर पडलेली मूठ परत उचलता येत नाही. भाऊबंद बसले.

त्या पोराला पुढे मुलगे झाले, त्यांना मुलगे झाले, आणि आज धुळ्यापासून जामनेरपर्यंत पसरलेलं, गेट-टुगेदरला मंगल कार्यालय लागणारं आमचं हे सबंध घराणं त्या खळ्यातल्या पोराचं आहे. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तलवार गेली, घोडा गेला, राजस्थान गेलं; राहिलं एक भुकेलं पोर आणि एक हट्टी म्हातारी. असे पूर्वज मला आयुष्यात पहिल्यांदाच आवडले. मी हसत होते. फुई हसायची थांबली होती.

म्हणाली, ‘तो खळामा सापडेल व्हता, तरी त्यानी मूठ पडनी. मी ते अठेच जनमेल शे. मनी कव्हय पडी?’

ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. लहानपणी तिच्या नावाची मूठ नव्हती, कारण मुलींची नसतेच. सासरी नव्हती, कारण तिथे ती राहिलीच नाही. परत आली तेव्हा लग्न झालेली लेक होती. सत्तरेक वर्षं तिनं या घरातले रोट भाजले होते आणि एकाचाही तुकडा तोंडात घातला नव्हता. मला म्हणाली, यंदा एकदा माझी मूठ टाकायला सांग. नानाला सांग, तुझं ऐकेल. ‘मी मरसू ते कोना घरनी म्हनीसन मरसू?’

मला एरवी कुठल्याही गोष्टीवर तिरकं बोलता येतं, माझ्या सासूबाई याला साक्षीदार आहेत. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

नानांना फोन केला. खळ्यातलं पोर सांगितलं. ते म्हणाले, फुईला वयोमानाने भ्रम होतो. मी म्हटलं, अठरा वोट सांगताना होत नव्हता का? ते म्हणाले, तेवढा भाग वगळ. आणि मूठ? त्यावर म्हणाले, ती आपल्या हातात नाही, रीत आहे. रीतीबद्दल नाना फार कडक आहेत. जातं जाऊन चक्की आली तेव्हा रीत मोडली नव्हती. नदीला पाणी नाही म्हणून कानबाई प्लास्टिकच्या टबात बुडवली तेव्हाही मोडली नव्हती, उलट टब नानांनीच धुळ्याहून आणला होता. रीत फक्त बाईला सव्वा मूठ गहू दिल्यावर मोडणार होती.

कानबाईला यंदा सगळे गावी जमले. आदल्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीत सतरंजी घातली आणि वहिनी गव्हाचं सूप आणि रिकामी परात घेऊन बसली. नाना खुर्चीत बसून नावं घेऊ लागले. नावं त्यांना पाठ आहेत, हे मान्य करायला हवं. जामनेरचे आबा, वरणगावला नोकरीला असलेला चुलतभाऊ, त्याची मुलं, सगळ्यांच्या मुठी पडल्या. नानांचा नातू अमेरिकेत आहे, त्याला तिथल्या डॉक्टरांनी गहू बंद केला आहे. त्याच्याही नावानं सव्वा मूठ गहू पडले. ज्याला गहू खाऊन पोटात दुखतं त्याची मूठ होती. फुई दाराजवळ खुर्चीत बसून ऐकत होती. सकाळपासून तिनंच ते गहू निवडले होते.

नानांची नावं संपली तेव्हा मी म्हटलं, फुईची राहिली.

जामनेरचे आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, असं नसतं बाई, एका लेकीची पडली की उद्या सगळ्या मागतील. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी पिशवी घेऊनच आले होते. नाना म्हणाले, फुईबद्दल कुणाच्या मनात आदर नाही का, पण हा रक्ताचा प्रश्न आहे. हे रोट म्हणजे आपलं रक्त आहे. ते आणखीही बोलले असते, त्यांचा माईकवरचा आवाज लागला होता.

फुई खुर्चीतूनच म्हणाली, ‘मंग मना आजानी मूठ काढी टाका. तुम्हन्या बठ्ठास्न्या निंघी जातीन.’

आबांनी विचारलं, सगळ्यांच्या कशा निघून जातील, कोण आजा, कसली मूठ? नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुस्तक छापखान्यात गेलं होतं, मुखपृष्ठावर तलवार होती, आणि भाऊबंदांनी भरलेल्या खोलीत खळ्यातलं पोर उठून उभं राहायच्या बेतात होतं. नानांना अचानक वेळेचं भान आलं. चला, उशीर होतोय, एवढं काय, घरातलीच आहे ती, टाका तिची मूठ, असं ते एका दमात म्हणाले. पाचशे वर्षांची रीत इतक्या लवकर बदललेली मी पाहिली नव्हती.

वहिनीनं मूठ भरली. ती हिंगाच्या प्रकरणापासून फुईशी जेमतेम बोलत होती. पण तिनं ती मूठ अशी गच्च भरली की बोटांच्या फटींतून दाणे गळत होते. हात परातीवर धरून ती थांबली, आणि नानांकडे पाहून म्हणाली, नाव घ्या.

नाना म्हणाले, फुई.

वहिनी म्हणाली, फुई हे नातं झालं. कानबाईसमोर नाव लागतं.

नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्या चुलतभावाकडे पाहिलं, त्यानं छताकडे; त्याच्या रेशनकार्डावरही ती फुईबाईच होती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तासन्‌तास तिला बोलतं करणारी मीच होते. मी मान खाली घातली. शस्त्र कोणतं हे मी तिला विचारलं होतं. खोलीत तीन पिढ्या बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्यांना तिनं अंघोळ घातली होती, आणि एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. वहिनीचा हात तसाच वर होता. तो भरून आला असणार, पण तिनं तो खाली घेतला नाही.

नाना उठले. गुडघे धरत, कण्हत ते फुईच्या खुर्चीपाशी जाऊन जमिनीवर बसले. त्यांना असं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. साहेब झाल्यापासून त्यांनी अहिराणी सोडली होती, घरात कुणी बोललं तरी ते शुद्ध मराठीत उत्तर द्यायचे. त्यांनी तिचा हात धरला आणि विचारलं, ‘फुई, तुनं नाव काय शे व?’

फुईनं नाव सांगितलं. नानांनी ते मोठ्यानं घेतलं आणि वहिनीनं मूठ सोडली.

नानांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या वेळी हातात माईक नव्हता. म्हणाले, इतकी वर्षं तू कधी सांगितलं नाहीस गं.

फुईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा.

‘कोनी इचारं?’ म्हणाली.